शिऊ कुणाची

"काकू, शिऊ गोड खायचीच न्हाय," गौरी म्हणाली.

मी शिऊच्या फोटोपुढे शेंगापोळीचं ताट ठेवत होते. वर्षश्राद्धाला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताटात वाढायचं असतं, म्हणून पहाटे उठून दाणे भाजले, कुटले, गूळ मिसळून पोळ्या लाटल्या. शेंगापोळी म्हटलं की माझी पोरगी जीव टाकायची. आणि तिच्या खो-खोच्या संघातली ही मुलगी मला माझ्याच घरात सांगत होती, ती गोड खायची नाही.

"बाराव्या वर्षापर्यंत खायची," मी म्हणाले.

द्वारकाबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "म्या सुशीला केलाय, ताई. पहाटं सरावावरनं आली की ह्येच मागायची. चुरमुरं भिजवून, लई मिरची घालून. ठिवू का?"

"ठेवा की." दुसरं काय म्हणणार? भावकी बसली होती समोर. त्यांनी वाढलं आणि माझी शेंगापोळी ताटाच्या कडेला सरकली.

या द्वारकाबाई म्हणजे धाराशिवच्या खो-खोच्या सरांची बायको. शिऊ सातवीत असताना सरांनी तिला शाळेच्या मैदानावर पळताना पाहिलं आणि मागणी घालायला यावं तसे आमच्या घरी आले. पोरगी देशाकडून खेळेल म्हणाले. हे लगेच पाघळले. शिऊ तर दप्तर भरून तयारच होती. तेव्हापासून ती धाराशिवला सरांच्या घरी. द्वारकाबाईंना दोन मुलगे, दोघेही पुण्याला. मुलगी नव्हती, ती माझी मिळाली. मी इथे ईट गावच्या अंगणवाडीत लोकांच्या पोरांची नाकं पुसत, त्यांना खिचडी भरवत होते आणि माझ्या पोरीची वेणी ही बाई घालत होती. शिऊ दिवाळीला आणि मे महिन्यात घरी यायची. दर वेळी थोडी उंच झालेली असायची आणि थोडी पाहुण्यासारखी वागायची. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायची.

मला या बाईचा हेवा वाटतो. लोक म्हणतील, पोरगी गेली आणि हिला हे काय सुचतंय. पण वाटतो.

सोळाव्या वर्षी, डेंग्यूच्या तापानं, दोन दिवसांत पोरगी गेली. ताप चढलाय म्हणून रात्री फोन आला. आम्ही मिळेल त्या वाहनानं निघालो, भूमला खोळंबलो, आणि धाराशिवच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा द्वारकाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांचं रडून झालेलं होतं. शिऊची शेवटची रात्रही त्यांनाच मिळाली. त्या रात्री शिऊनं माझं नाव घेतलं का, एवढंच मला हवं होतं. पण विचारायचं तर त्यांनाच विचारावं लागणार. वर्षभर जीभ रेटली नाही. घेतलं नसेल तर? त्यांना हाक मारली असेल तर?

जेवणं झाल्यावर संघातल्या मुली फोटोभोवती कोंडाळं करून बसल्या. आधी डोळे पुसत होत्या, मग एकीला आठवण झाली आणि सगळ्याच फिसकन हसल्या.

"परंड्याच्या मॅचला काय केलतं हिनं, सांग की!"

"पंचासारखी शिट्टी मारली ओ काकू. समोरची पोरगी थांबली ना, डाव संपला वाटलं तिला. हिनं धरलं तिला. पंचांनी आमचा गुण काढला, सरांनी मैदानाला चकरा मारायला लावल्या. तर चकरा मारताना पन हसतीय ही!"

हेसुद्धा हसले. वर्षात पहिल्यांदा.

"शिट्टी?" मी विचारलं. "शिऊला येत होती?"

"मंग! दोन बोटं घालून."

"घरी बी वाजवायची," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची दुपारची झोप मोडायची न् कपाटामागं लपायची."

माझ्या घरात मुलीनं शिट्टी मारली असती तर मी रागावले असते. म्हणूनच तिनं इथे कधी मारली नसणार. माझी शिऊ तशी गप्प, शहाणी, एका जागी बसणारी होती. मुली ज्या शिऊबद्दल बोलत होत्या ती भलतीच कुणीतरी दांडगट, हसरी पोर होती, आणि ती मला हवी होती. मला ती कुणी दाखवलीच नाही.

मग गल्लीतल्या बायका आल्या. माझ्या गल्लीतल्या. त्याही द्वारकाबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. शेजारच्या कमलबाईंनी तर कहर केला. "तुमीच केलं बया तिचं समदं. आईवानी केलं," म्हणाल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभी होते. तांब्या तिथेच आपटला आणि न्हाणीपाशी जाऊन भांडी घासायला बसले.

थोड्या वेळानं द्वारकाबाई मागच्या दारी आल्या. मुलींना सोबत घेऊन हे शाळेचं मैदान दाखवायला गेले होते. पदर खोचून बाई माझ्यासमोर बसल्या आणि कढई ओढली.

"राहू द्या, तुम्ही पाहुण्या."

"पावनी कशाची आता," त्या म्हणाल्या आणि घासायला लागल्या.

ते 'आता' मला झोंबलं. हातातलं ताट खाली ठेवून मी विचारून टाकलं.

"त्या रात्री तिनं कुणाचं नाव घेतलं?"

घासणी थांबली. "खरं सांगू, का तुमच्या मनासारखं?"

"खरं सांगा."

"कुनाचंच न्हाय, ताई. डोळं उघडं व्हतं, पन आमी तिला दिसत न्हवतो. मैदानातच व्हती ती. धर, वळ, पळ, निस्तं ह्येच. म्या म्हनलं, शिऊ, आईला फोन लावू का? तर म्हनली, बाजूला व्हा." द्वारकाबाईंनी मनगटानं नाक पुसलं. "मला बी वळखलं न्हाय. इतकी वर्सं खाऊ घातलं, न्हाऊ घातलं. एकदा तरी मावशी म्हनावं का न्हाय?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वर्षभर जिच्यावर जळत होते तीही माझ्यासारखीच रिकाम्या हातानं परतली होती. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पहाटं म्या तिच्याकडं पाठ करून कॉटच्या कडंला बसले व्हते. रडताना दिसू नये म्हनून. तर तिनं पाठीवर थाप मारली. खो म्हनली. त्येच शेवटचं."

"मग?"

"मग काय. खो मिळाला की उठून पळायचं असतंय. म्या तशीच बसून राह्यले."

नाव कुणाचंच नाही, पण ती थाप बसली या बाईच्या पाठीवर. मी भूममध्ये दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी होते आणि माझ्या लेकीचा हात हिच्या पाठीवर पडला.

"कुठं?" मी विचारलं.

"काय?"

"थाप. पाठीवर कुठं मारली?"

त्यांनी फेसानं भरलेला हात मागे नेला, पण तो पोचेना. मग त्या बसल्या जागी वळल्या आणि पाठ माझ्याकडे केली.

"इथं. जरा खाली. डावीकडं."

मी हात विसळले, लुगड्याला पुसले आणि तळवा तिथे टेकवला.

"अजून खाली?"

"न्हाय. इथंच."

द्वारकाबाई हलल्या नाहीत. मीही हात काढला नाही.