भिंतीवरचा कारखाना

मोठ्या कंपन्यांचा कारभार आखायची पद्धत सल्लागार सुकन्या पुण्यात शिकली होती. तीच तिने पारनेरला राहीबाईंच्या पनीरच्या कारखान्यासाठी मांडली.

"पोरी, हे लई मोठं हाय. आमाला न्हाई झेपायचं," राहीबाई म्हणाल्या.

सुकन्या वरमली, पण हटली नाही. तिने तो आराखडा बाजूला ठेवला. दूध आल्यापासून टेम्पो निघेपर्यंत कोण कोणाला विचारतं, ते तिने खडूने भिंतीवर काढलं. प्रत्येक रेघ राहीबाईंच्या मोबाईलपाशी येऊन थांबत होती.

"म्हंजी मी आजारी पडले तर?"

"कारखाना बंद."

मग कोणता निर्णय कोणी घ्यायचा, ते दोघींनी कामगारांसोबत बसून ठरवलं. सोमवारी राहीबाई मुद्दाम मोबाईल बंद ठेवून माहेरी गेल्या. टेम्पो वेळेवर निघाला.

सुकन्याने नेवाशाच्या एका छोट्या पाइप कारखान्यात जायला एसटी पकडली. भिंतीवर सापडलेली छोट्या धंद्यांची ही पद्धत आता तिला तिथेही पारखून बघायची होती.