उलट्या शिवणीची गोधडी

“आई, ते फलालिनचे तुकडे कुटं हायेत?” हेतलने विचारलं.

तांदूळ पाखडताना हौसाच्या हातातलं सूप थांबलं. होणाऱ्या बाळाच्या गोधडीसाठी सासू-सुनेने मिळून कापलेले ते मऊ चौकोन तिने पावसाळ्याआधीच माळ्यावर टाकले होते. हेतल हॉस्पिटलातून रिकाम्या हाताने घरी यायच्या आत. मुलगी जन्मली ती मेलेलीच. सुनेला बाळाचं तोंड दाखवू नका, उगाच जीव गुंतेल, असं हौसानेच सांगितलं होतं. मग तिचा मुलगा जीवन लेकीला हॉस्पिटलच्या चादरीत गुंडाळून पुरायला घेऊन गेला. तेव्हापासून पळस्प्याच्या त्या घरात कुणी तो विषय काढला नव्हता.

“आता कोनाला शिवतेस गो?”

“तिलाच. तिला घरचं पांघरून कुनी घातलंच नाय.”

हौसा तुकडे काढायला स्टुलावर चढली.

हेतल मशीनवर बसली. पनवेलच्या शिवणक्लासात ती शिकून आलेली ही तऱ्हा हौसाला विचित्रच वाटे. जोडाच्या कडा आत दडवायच्या सोडून वर ठेवायच्या आणि कात्रीने चिरायच्या! धुतलं की दोरे सुटून त्यांची मऊ झालर होते म्हणे.

“उलटी झाली ना गो ही!”

“तशीच असते, आई. तुमी चिरा द्या. फक्त शिवनीला लागू देऊ नका.”

हौसा कात्री घेऊन कडा चिरू लागली. मग मशीन थांबलं.

“तुमी बघितलंत तिला. कशी होती?”

सांगू नये, असं हौसाला वाटलं. पण सून तिच्याकडे बघतच राहिली.

“केस लय होते. हनवटी तुजी. नाक मातर जीवनचं, बसकं.”

हेतलला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. हौसाने तिला उगी केलं नाही. कात्री ठेवून ती जवळ जाऊन बसली, आणि मग तिचाही बांध फुटला.

गोधडी धुऊन अंगणातल्या दोरीवर घातली, तेव्हा शेजारची कुमुद कुंपणाशी आली. “काय वयनी, गोड बातमी हाय काय?”

एरवी हौसाने काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती.

“नाय. माज्या नातीची हाय ही.”

बादलीतलं पाणी ओतता ओतता हेतल म्हणाली, “प्रांजल ठेवनार होतो आमी नाव.”

हौसाने ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. वाऱ्याने गोधडी एका अंगाला सरकत होती. तिने ती सारखी केली आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले.