घोड्याच्या घरातले प्यादे

माघातले ऊन कृष्णेच्या पात्रावरून उठले आणि सांगलीतल्या त्या सभागृहाच्या उंच खिडक्यांतून आत आले. पीतवर्ण ऊन, मंदगती ऊन. तेवीस पट रिकामे झाले होते. चोविसाव्यावर ते थबकले.

तिथे सत्तरीला टेकलेली शरयू बसली होती, आणि समोर तिचा पाठचा भाऊ दिगंबर. स्पर्धेत चाळीस वर्षांत तिने त्याला एकदाही हरवले नव्हते. आता डोळे साथ देईनात. ही शेवटची स्पर्धा. आज जिंकायचे, नाहीतर कधीच नाही.

सकाळी त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे लोटले. तिने सिसिलियन बचाव धरला. समोरासमोर न भिडता उंटापुढचे काळे प्यादे बगलेने काढले. भांडतानाही ती अशीच आडवळणाने बोलायची. त्याने आमिष म्हणून घोड्यापुढचे प्यादे पुढे केले. तिने ते मारले, आणि तिचे प्यादे घोड्याच्या रांगेत शिरले.

मग हत्ती गेले, उंट गेले, वजीर गेले. श्यामल गेले, शुभ्र गेले. उरला एकाकी श्वेतराजा, त्याच्यावर डोळा ठेवून श्यामराजा, आणि तेच सकाळचे प्यादे: निमूट, कृष्णवर्ण, चिवट.

ते शेवटच्या घरात पोचले. आता वजीर ठेवायचा, की डाव तिचा.

दिगंबरने कानाची पाळी ओढली. लहानपणी हरताना तो अशीच ओढायचा. शरयू क्षणात ओसरीवर होती, बाबांच्या देशी पटापाशी. प्यादे ज्याच्या घरात पोचेल त्याचेच रूप घेईल, हा बाबांचा नियम. ते घर घोड्याचे होते. तिच्या हाताने घोडा उचलला आणि ठेवला.

ठेवलेली सोंगटी बदलता येत नाही. एकट्या घोड्याने मात होत नाही. पंचांनी दोघांना अर्धा-अर्धा गुण लिहिला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. शरयूला रडू आले. तिने ते लपवले नाही.

“ताई,” दिगंबर म्हणाला, “राजा एकटा उरला की बाबा काय म्हणायचे गं?”

“बुर्जी.”

“म्हणजे हारच की. आणि हरलेल्यानं काय करायचं?”

“सोंगट्या भरायच्या,” ती म्हणाली.

त्याने पेटी पुढ्यात ओढली. श्वेतराजा भरला, श्यामराजा भरला, सावकाश, एकेक. घोडा सर्वांत शेवटी उचलला.

पट रिकामा झाला. ऊन त्या घोड्याच्या घरात क्षणभर रेंगाळले, मग नदीकडे उतरले.