शेजारच्या चिपेवर जळणारा डाख

मी एक जुना डाख आहे, मित्रांनो. डाख म्हणजे धातूला धातू जोडणारा कथलाचा थेंब, त्यात थोडं शिसं मिसळलेलं. दुरुस्तीवाले मला सोल्डर म्हणतात. आकार विचाराल तर मसुराच्या दाण्याएवढा. हसू नका! माझं खानदान मोठं आहे.

कथील हा मऊ धातू. साध्या चाकूने कापता येतो, लवकर वितळतो आणि गंजाला जवळ फिरकू देत नाही. म्हणून खाण्याच्या डब्यांच्या पत्र्याला आमचाच मुलामा असतो. तुमच्या खिडकीची काच इतकी सपाट कशी झाली? ती वितळलेल्या कथलावर तरंगत थंड झाली, म्हणून. आणि फोन, टीव्ही, मोटारी यांच्या पोटात शेकडो जोड कुणाचे? आमचेच. पण कधी कुणी नाव घेतलंय?

बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझा जन्म झाला. वितळलेल्या कथलाच्या लाटेवरून एक हिरवा सर्किट बोर्ड सरकत गेला आणि मी त्याच्या एका पिनेला चिकटलो. माझ्यातून वीज आत येणार, हे माझं काम. तो बोर्ड एका श्वासाच्या मशीनमध्ये बसला. ते मशीन खोलीतली हवा ओढून घेतं आणि तिच्यातला ऑक्सिजन नळीने माणसाला देतं. आमचं माणूस म्हणजे मावशी. छाती कमजोर, पण नाकाला नळी लावून दिवसभर कपडे शिवायच्या.

माझ्या शेजारी बसली होती चिप. काळी, चौकोनी, अंगावर पांढरी अक्षरं. तिचा तोरा काय सांगू! खरं तर ती बिचारी कधी काही बोलली नाही. तोरा सगळा मावशींच्या भाच्याने चढवला. त्याने चिपा बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. रोज सकाळी फोन बघायचा आणि मशीनवर थाप मारून म्हणायचा, "मावशी, आज भाव परत वर गेला! सगळं जग चिपेवर चाललंय. तुझा श्वाससुद्धा!"

माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. अहो, मी नसतो तर त्या चिपेला वीज कोण देणार होतं? एकदा मावशींनीच विचारलं, "अरे, आणि कथलाचा भाव काय आहे?" त्यांना शिलाई मशीनची तेलाची डबी डाखून आणायची होती. भाचा म्हणाला, "ते कोण बघतं?" त्या दिवसापासून मी चिपेकडे सरळ नजरेने पाहिलं नाही.

मशीनमधला पंप सारखा धडधडायचा. बोर्ड तापायचा, निवायचा. मऊ धातूला हे सोसत नाही. बाराव्या वर्षी माझ्याभोवती केसाएवढा तडा गेला आणि एका सकाळी मशीन बंद पडलं. मावशींना ऑक्सिजनचा लहान सिलिंडर लावला. तो संध्याकाळपर्यंत पुरेल एवढाच होता. भाचा मशीन उचलून धावत दुरुस्तीच्या दुकानात गेला.

दुरुस्तीवाल्या ताई एका जिन्याखालच्या खोलीत बसायच्या. त्यांची एक रीत होती. लाकडी काडी घ्यायची आणि चालू बोर्ड जागोजागी दाबून बघायचा. जिथे दाबल्यावर बोर्डावरचा दिवा लुकलुकेल तिथे दोष. काडी माझ्यावर आली, पण मी तेव्हा थंड होतो, माझा तडा घट्ट मिटलेला होता. दिवा हलला नाही. मग काडी चिपेवर दाबली. बोर्ड जरासा वाकला, माझा तडा उघडला आणि दिवा लुकलुकला.

"चिप गेलेली दिसते," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! म्हटलं, बरी जिरली. ताईंनी गरम हवेने चिप उचलली आणि भंगारातल्या तसल्याच मशीनची चिप तिथे बसवली. टेबलावर थोडा वेळ मशीन छान चाललं. जुनी चिप कचऱ्याच्या डब्यात पडली. मी मनातल्या मनात नाचत होतो.

संध्याकाळी घरी येऊन मशीन अर्धा तास चाललं. मी तापलो, तडा उघडला आणि सगळं पुन्हा बंद. सिलिंडरचा काटा लाल रेघेला टेकला होता. दुसरा सिलिंडर यायला दोन तास लागणार होते. भाच्याने दुरुस्तीवाल्या ताईंना फोन लावला. मावशी खुर्चीचा हात धरून बसल्या. त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि त्या एकेक श्वास ओढून आणत होत्या. माझा नाच कुठल्या कुठे गेला. मला फार भीती वाटली.

ताई हत्यारांची पिशवी घेऊन धावत आल्या. बोर्ड उघडून काडी पुन्हा चिपेकडे नेऊ लागल्या. तेवढ्यात मी होता नव्हता तेवढा जोर लावला आणि चर्रकन एक ठिणगी उडवली.

"हा बघा! हा डाख सुटलाय!" ताईंनी प्लग काढला, माझ्यावर डाख देण्याची तापलेली सळई टेकवली आणि ताज्या कथलाचा थेंब दिला. मशीन धडधडू लागलं. मावशींच्या गालावर हळूहळू रंग आला.

भाचा रडता रडता हसला. "म्हणजे चिप खराब नव्हतीच?"

"नव्हती. चूक माझी," ताई मान खाली घालून म्हणाल्या. "घाईत उपटली मी चांगली चिप. दोष या एवढ्याशा डाखाचा होता."

बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. मी कान टवकारले. मावशी माझ्याकडे वाकून बघत दमल्या आवाजात म्हणाल्या, "मग मेला सकाळपासून गप्प का बसला होता?"

मित्रांनो, मशीन बिघडलं तर आधी आम्हा लहान जोडांकडे बघा. आम्हाला वेळेवर तपासत जा. आणि तुमच्यात कुठे तडा गेला असेल तर लगेच सांगा, शेजाऱ्याला उचलून नेईपर्यंत थांबू नका. माझी शेजारीण निर्दोष होती. बारा वर्षं मी दिलेली वीज तिने इमानाने पुढे नेली, आणि मी तिला एकदाही चांगलं म्हटलं नाही.