गुड्डीच्या संघाची जाळी

मित्रांनो, मी व्हॉलीबॉलची एक जुनी जाळी आहे. करडी गावातल्या एका हायस्कूलच्या मैदानावर दोन लोखंडी खांबांमध्ये मी उभी असते. दूरच्या कारखान्यात कामगार बायकांनी माझी गाठ नि गाठ हातांनी मारली. नवी असताना माझी वरची पट्टी पांढरीशुभ्र होती.

माझे चांगले दिवस रुखमिणीच्या संघाने आणले. लागोपाठ दोन वर्षे तालुका जिंकून पोरी परतल्या, तेव्हा त्यांच्यासोबत मलाही गुलाल लागला. मग एका उन्हाळ्यात रुखमिणीसह चार जणी दहावी पास झाल्या आणि शाळा सोडून गेल्या. मागे दोघीच उरल्या, दहावीत गेलेली गुड्डी आणि नववीतली टीना.

खेळाचे शिक्षक धनीराम सर म्हणाले, पोळ्यापर्यंत सहा मुली उभ्या झाल्या नाहीत, तर यंदा तालुक्याच्या स्पर्धेत नाव देता येणार नाही. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. मुली आयांबरोबर धानाच्या बांध्यांत चिखलात उभ्या असत. गुड्डी बांधाबांधाने फिरली, आयांना विनवण्या केल्या आणि आठवीतल्या चार पोरी घेऊन आली. त्यांतली आचल सर्वांत बुटकी. उडी मारूनही तिचा हात माझ्या वरच्या पट्टीपर्यंत पोचत नसे.

त्या पोरींचे चेंडू माझ्यावरच आदळत. गुड्डी चिडायची. रुखमिणीताई असा पास द्यायची, रुखमिणीताईने हा चेंडू सोडलाच नसता, हेच दिवसभर. एका संध्याकाळी आचलने चेंडू खाली ठेवला.

"ताई, मी रुखमिणीताई नाही न. मले माह्यासारखं खेळू दे."

ती निघून गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या. गुड्डी माझ्या खांबाला टेकून खाली बसली. टीनाने विचारले, "काहून रडून राहिली?"

"त्या चौघी गेल्या तवापासून मलेच खेळता येत नाही," गुड्डी म्हणाली. "राग मात्र या लहान्या पोरींवर काढतो मी."

दुसऱ्या दिवशी ती आचलच्या घरी गेली. काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण पोरी परत आल्या. त्यानंतर मैदानावर रुखमिणीचे नाव निघाले नाही. आचलला उडी जमत नव्हती, म्हणून गुड्डीने तिला सर्व्हिस शिकवली. रोज शंभर. चेंडू अडकून अडकून माझी वीण मधोमध उसवली, पण मला त्याचे दुःख नव्हते.

त्या वर्षी पहिला सामना आमच्याच मैदानावर झाला. पहिला गेम सरळ हातचा गेला. दुसऱ्यात आचलच्या सर्व्हिसवर सलग सहा गुण आले, एकोणीसपर्यंत पोरी पोचल्या, आणि तिथेच थांबल्या. आम्ही हरलो.

भंडाऱ्याला कॉलेजात शिकणारी रुखमिणी तो सामना बघायला आली होती. गुड्डी तिच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. तुझी टीम मी बुडवली, असे ती पुटपुटली.

"ते टीम आता माही नाही, तुही हाय," रुखमिणी म्हणाली.

"माही तरी कुठं? परीक्षा झाली का मीबी जाईन."

रुखमिणीने गुड्डीचा घामेजलेला हात हातात धरून ठेवला.

यंदा जूनमध्ये गुड्डी शाळेत दाखला घ्यायला आली. मैदानावर आचल नव्या पोरींना पास शिकवत होती. गुड्डी कुंपणाशी बराच वेळ थांबली. एक चेंडू तिच्या पायाशी घरंगळत आला. तिने तो परत फेकला. नवी पोरगी "थँक्यू, ताई" म्हणून पळाली. ती गुड्डीला ओळखत नव्हती, आणि आचलची कुंपणाकडे पाठ होती. मी सगळे बघत होते, पण मला कुठे हाक मारता येते? गुड्डी हातातल्या दाखल्याची जपून घडी घालत फाटकाबाहेर गेली.

मित्रांनो, खेळ संपला की मला उन्हापावसात सोडू नका, एवढे मागते. आणि कुंपणाशी कुणी उभे दिसले, तर खेळ जरा थांबवा. त्यांना आत बोलवा.