तीन वायरी, तीन निरोध

मी निरोध बोलतोय. झालं, फिरवलीत ना मान? फिरवा. भडगाव तालुक्यातल्या एका विहिरीत पाण्याखाली अडकून पडलोय, इथं तरी मला कोण बघतंय!

कारखान्यात माझी परीक्षा फार कडक झाली. पाण्यात बुडवून वीज लावून तपासलं मला. सुईच्या टोकाएवढी गळती निघाली असती तरी कचऱ्यात गेलो असतो. पण मी पास झालो. माणसाचा जीव राखायला निघालो म्हणून काय मिरवत होतो!

एका पाकिटात आम्ही तिघे. गावच्या आशा कार्यकर्त्या शिल्पाताई, त्यांनी आम्हाला कामिनीच्या हातात ठेवलं. कामिनी सव्वीस वर्षांची, दोन मुलींची आई. दुसऱ्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं, की डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता दिवस गेले तर ही वाचायची नाही." तांबी तिला सोसली नव्हती. ऑपरेशनचं नाव काढलं की सासू झुंबरबाई म्हणायची, "पहिले माले नातू दे, मंग काय करशी ते कर." मग उरलं कोण? मी.

तिनं आम्हाला डाळीच्या डब्यात लपवलं. नवरा निंबा जेवून उठला, तेव्हा भीतभीत पाकीट पुढं केलं.

"हाई काय शे वं?"

"डॉक्टरीणबाई काय बोलनी, इसरनात का?"

"असल्या वस्तू बाहेर जानारासले लागतस. मी काय तसा शे का?"

तो हसला आणि पाकीट खिशात टाकलं. तिला वाटलं, ऐकलं बाई एकदाचं. मलाही तसंच वाटलं. दोघंही मूर्ख!

दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेची मोटर बंद पडली. वायरच्या जोडात पाणी शिरलं होतं. शेजारचा लोटन म्हणाला, "जोडवर निरोध चढाव नि वरतून टेप मार. थेंब जाई नही." मोटरच्या वायरी तीन, आम्हीही तीन. निंबाला खिसा आठवला. एकेका जोडावर एकेकाला चढवून त्यानं आम्हाला विहिरीत सोडलं.

ही हुशारी गावभर पसरली. गडी माणसं आपणहून शिल्पाताईंकडे पाकिटं मागायला लागली. त्या बिचाऱ्या हरखल्या. एकदा विहिरीवर त्यांनी कामिनीला विचारलं, "वापरतात ना गं?" शेजारी सासू धुणं धूत होती. कामिनी "हो" म्हणाली. शिल्पाताईंनी वहीत लिहिलं, नियमित वापर. पुढं तालुक्याच्या बैठकीत त्यांचं कौतुक झालं म्हणे.

आणि कामिनीला दिवस गेले.

सातव्या महिन्यात, भर दुपारी बागेत काम करताना तिला रक्त जायला लागलं. ती विहिरीच्या काठाशी येऊन बसली. मी खालून सगळं ऐकत होतो.

"गाडी बोलवा हो. माले काही बरं वाटत नही."

"दोनच तास लाईट शे. बागले पानी देवाई जाऊ दे, मंग जाऊत."

त्यानं बटण दाबलं. मोटर घरघरायला लागली. तेव्हा मला वाटलं, आत्ता फाटावं. जन्मात एकदाच फाटावं! पाणी शिरेल, मोटर जळेल, मग तरी हा माणूस बायकोकडे बघेल. पण मी पास झालेला माल. नाही फाटलो. दोन तास वर पाणी धो धो पडत होतं आणि तिचं कण्हणं हळूहळू बारीक होत गेलं. भडगाव यायच्या आत, रस्त्यातच ती गेली. पोटातलं बाळही गेलं. मुलगा होता.

परवा निंबा काठावर उभा राहून लोटनला सांगत होता, "दीड वरीस व्हयनं, एक थेंब मजार नही गया!" खरं आहे, थेंबही आत जाऊ दिला नाही. कामात मी कधी कसूर केली नाही.

झुंबरबाईंनी दुसरी मुलगी बघितली आहे. येत्या महिन्यात लग्न. शिल्पाताई, नव्या नवरीसाठी तुम्ही पाकीट घेऊन याल, ती मान खाली घालून "हो" म्हणेल. वहीत लिहिण्याआधी एकदा या विहिरीत वाकून बघा. आम्ही तिघे इथंच आहोत, धडधाकट.