दोरीतला ताण

दमियात बंदरातल्या बदरावीने मासेमारीच्या होड्यांसाठी लाकडी कप्प्या घडवल्या. त्याचा मुलगा मुतवल्ली त्याच कप्प्यांवरून शिडाचे दोर ओढत समुद्रावर गेला. मुतवल्लीच्या रिफअतने मात्र शेवटची कप्पी गच्चीच्या कठड्याला टांगली, समुद्राकडे पाठ केली आणि मुलीला शाळेत घातले. ती मुलगी इन्शिराह.

चौतीस वर्षे इन्शिराहबाईंनी मुलींना भौतिकशास्त्र शिकवले. त्यांच्या वर्गाचा कायदा एकच: आधी चित्र, मग बाण, आकडा सर्वांत शेवटी. सूत्राला आधी हात लावणाऱ्या मुलीची वही त्या मिटून टाकीत.

आता नवरा मातीआड, मुलगा कुवेतला, आणि चौथ्या मजल्यावर बाई एकट्या. सकाळी त्या कप्पीवरून टोपली खाली सोडत.

“एकच भाकरी, बाई?” खालून हिल्मी बेकरीवाला विचारी.

“लहानपणी मोजता येत नव्हतं तुला. आता बरं येतं.”

हिल्मी भाकरी ठेवून दोरीला हिसका देई. दिवसभरात दुसऱ्या माणसाचा हात तेवढाच लागे. म्हणून बाई कधीकधी मीठ मुद्दाम विसरत आणि टोपली पुन्हा सोडत.

एका दुपारी दारात एक साठीची स्त्री उभी राहिली. सोबत सोळा वर्षांची मुलगी. त्या उभ्या राहण्यावरूनच बाईंनी ओळखले.

“ऐतिदाल. जिना चढताना दम लागला तुला.”

“तुम्ही शिकवत होता तेव्हा लागत नव्हता, बाई. ही माझी नात, शहिंदा. क्लासमध्ये तीनशे पोरं आणि एक माइक. सूत्रं पोपटासारखी म्हणते, उदाहरण समोर आलं की मुकी. माझं राहिलं, हिचं राहू नये.”

आवाजात तक्रार नव्हती. बाईंना ती असती तर सोपे गेले असते.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एक उदाहरण घातले होते. गुळगुळीत मेजावर तीन किलोचा ठोकळा; त्याची दोरी कप्पीवरून खाली, टोकाला दोन किलोचे वजन. दोरीतला ताण किती? पुस्तकाच्या मागे उत्तर होते वीस. ऐतिदालने लिहिले बारा. बाईंनी त्या दिवशी स्वतः चित्र काढले नाही. मागचे पान पाहिले आणि लाल शून्य दिले.

“दोरीच वीसने वर ओढत असेल, तर वजन खाली येईलच कसं?” मुलीने भर वर्गात विचारले.

“पुस्तकापेक्षा तू शहाणी?”

वर्ग हसला. मुलगी पेपर मेजावर ठेवून निघून गेली, तिने कला शाखा घेतली आणि पुढे जन्मभर फर्निचरच्या नक्षीवर सोनेरी मुलामा चढवला. बाईंनी त्याच संध्याकाळी चित्र काढले. बाराच होते. पण बदरावीच्या पणतीने वर्गापुढे चूक कबूल करायची? त्यांनी पेपर कपाटात ठेवला.

आता शहिंदासमोर त्यांनी तेच उदाहरण ठेवले.

“वीस,” मुलगी पटकन म्हणाली. “दोरी वजन पेलते ना. क्लासच्या सरांची युक्ती आहे.”

“वही मीट. ऊठ.”

टोपलीत बटाटे भरून त्यांनी ती कठड्याबाहेर सोडली आणि दोरी तिच्या हाती दिली. “धरून ठेव. आता जरा ढील दे, एकदम.”

टोपली घसरली. मुलीचे डोळे बदलले. “सुटली तेव्हा हलकी लागली, बाई. वजन खाली जायला लागलं की ताण कमी हवा.”

“मग काढ चित्र.”

तिने बाण काढले, हळूहळू. वीस न्यूटन ओढणार पाच किलोंना, त्वरण चार. ठोकळा तीन किलोंचा, तीन गुणिले चार. “बारा,” ती म्हणाली आणि चपापली. “आजी नेहमी म्हणते, ती एकदा बारा म्हणाली होती.”

बाईंनी टोपली वर ओढून रिकामी केली. मग कपाट उघडले.

संध्याकाळी ऐतिदाल नातीला न्यायला आली. पुन्हा जिना नको म्हणून गल्लीतच थांबली. शहिंदा खाली उतरली. वरून टोपली आली. तिच्यात पिवळा पडलेला एक पेपर होता. लाल शून्य खोडले होते. शेजारी दहापैकी दहा, आणि खाली पूर्ण सही: इन्शिराह रिफअत मुतवल्ली बदरावी.

“बाई,” ऐतिदालने मान वर केली, “बाराच होतं?”

“बाराच होतं,” बाई गच्चीतून म्हणाल्या, हिल्मीला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. “तू बरोबर होतीस. मी चित्र काढलं नव्हतं.”

ऐतिदालने चष्मा पुसला, पेपर पुन्हा वाचला, घडी घालून छातीशी धरला.

“फिटलं, बाई,” ती म्हणाली, आणि दोरीला हलकासा हिसका दिला.